फिरवून बघितलं का?

लिंबाजी तात्या कोणाच्याही घरी गेले की आधी खिशातून ओळंबा, म्हणजे उभी रेघ तपासायचं दोरीला बांधलेलं वजन, काढत. घरातलं माणूस चहा ठेवायला आत गेलं, की हे दाराच्या चौकटीला दोरी लावून उभे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या नवऱ्याला ओळख व्हायच्या आधीच म्हणाले, "चौकट दीड सूत झुकली तुमची. पण बिघडत न्हाई, घर चांगलं हाये." त्या चौकटीतून जाताना पुढे कित्येक दिवस आम्हाला उगीचच मान कलती करावीशी वाटे.

तात्या परतूरजवळच्या आष्टीचे. उभी हयात सरकारी मोजणीदार म्हणून काढलेली. शेताशेतांतून साखळी ओढली आणि बांधावर भांडणाऱ्या भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून परतूरहून रेल्वेने रोज जालन्याला येऊन आमच्या कॉलेजात काम करू लागले. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवते. आमचं एक यंत्र सरळ उभं करायचं होतं आणि सरळ या शब्दाबाबत तात्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. आकाशातून म्युऑन नावाचे बारीक कण सतत खाली येत असतात, आपल्या अंगातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यांचा माग काढायला आम्ही पुरुषभर उंचीच्या लोखंडी सांगाड्यात आठ थर एकावर एक बसवले होते. कण ज्या थरातून जाईल तिथली जागा नोंदली जाते. अशा आठ जागा जोडल्या की कणाची वाट मिळते. पण मुळात थरच कुठे आहे हे केसभर चुकलं तर वाटही चुकते, म्हणून आधी महिनोन्‌महिने कॅलिब्रेशन. तात्या त्याला मोजणीच म्हणत. "जमीन असो का आभाळ, मोजणी ती मोजणी. फक्त इथं शिव्या द्यायला कोणी न्हाई."

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, "फिरवून बघितलं का?" मोजणीच्या दुर्बिणीने एक कोन घेतला की दुर्बीण उलटी फिरवून तोच कोन ते पुन्हा घेत. दोन आकडे वेगळे आले तर तो फरक दुर्बिणीचा, जमिनीचा नव्हे. दोन्हींच्या मधला आकडा खरा. हीच रीत ते माणसांनाही लावत. एकदा बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना त्यांनी एकमेकांच्या शेतात उभं केलं आणि विचारलं, "आता सांगा, बांध कोणीकडं सरकला?" या गोष्टीचा शेवट ते दर वेळी वेगळा सांगत. त्या भावांचं मिटलं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग आमच्या यंत्राचे आकडे येऊ लागले आणि मी गोंधळात पडले. पश्चिमेकडून येणारे कण जास्त दिसत होते. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ते थोडे जास्त येतातच, हे पुस्तकात आहे. पण आमच्या आकड्यांचा पश्चिमेकडचा कल पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. मी सगळं तीन-तीनदा तपासलं. आठही जागा दर वेळी एका सरळ रेघेत, थर एकमेकांशी अगदी जुळलेले. म्हणजे कल आकाशाचाच असणार. माझी पीएच.डी. सहा वर्षं रखडली होती आणि यंदा प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती. त्यामुळे कल आकाशाचा असावा असं मला मनापासून वाटत होतं, हे कबूल करते.

तात्यांना आलेख दाखवला. "फिरवून बघितलं का, मॅडम?"

"तात्या, ही काय दुर्बीण आहे? गॅसच्या नळ्या काढा, तारा काढा, पुन्हा सगळं जोडा. महिना जाईल. माझ्याकडे महिना नाही."

"मंग आभाळाला फिरवता का?"

मी चिडले. दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. ते रोज येत, यंत्रासमोर स्टूल घेऊन बसत आणि ओळंबा नुसताच हातात धरत, कुठेही लावत नसत. मला वाटलं, रुसले असतील. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "येताना कापसाच्या जिनिंगवर जाऊन आल्तो. सहा माणसं दुपारी येऊन राह्यली." मी नाही म्हणायला हवं होतं. का म्हटलं नाही, ते मलाही सांगता येणार नाही. माणसं आली, सांगाड्याखाली लोखंडी पाइप सरकवले आणि यंत्राचं पश्चिमेचं तोंड पूर्वेला झालं.

महिन्याने नवे आकडे आले. कल आकाशाचा असता तर पश्चिमेलाच राहिला असता. तो यंत्राबरोबर फिरून पूर्वेला गेला होता. दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा काढला, तर पुस्तकातला तेवढा नेमका उरला. मी यंत्राच्या शेडच्या पायरीवर बसले आणि रडले.

तात्या शेजारी येऊन बसले. "चूक माझी हाये," ते म्हणाले. "पहिला थर बसला आणि ओळंब्याची दोरी सांगाड्याच्या पट्ट्यांत अडकून राह्यली. मंग दुसरा थर मी पहिल्यावरून घेतला, तिसरा दुसऱ्यावरून. जरा जरा सरकले, पण सगळे एकाच अंगाला. हद्दीचा नवा दगड मूळ दगडावरून लावायचा, आधीच्या दगडावरून न्हाई, हे मीच लोकांना शिकवून राह्यलो जन्मभर."

तेव्हा कुठे मला उमगलं. सगळे थर सारखेच सरकत गेले की तिरकी झालेली वाटही सरळच दिसते. थर एकमेकांची साक्ष देत होते आणि मी ती खरी धरत होते.

"हे तुम्हाला कळलं कधी?" मी विचारलं.

त्यांनी दोरी ओळंब्याभोवती हळूहळू गुंडाळली. "कळलंच की," म्हणाले, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. जाताना वळून सांगितलं, "मोजणीच्या वहीत ही चूक माझ्या नावानं लिव्हा. बिलकुल लपवू नका."

प्रबंध मी शेवटी या चुकीवरच लिहिला: ती कशी लपते आणि यंत्र फिरवून कशी पकडायची. मुदतवाढीसाठी गाइड सरांच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या, पण डिग्री मिळाली. तात्यांचं येणं मात्र पुढे कमी झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग छातीचं दुखणं निघालं, आणि मागच्या हिवाळ्यात ते गेले.

मी आष्टीला भेटायला गेले. तात्यांच्या पत्नी, काकू, ओसरीवर बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमचं ते यंत्र बसवलं न्हाई का, त्या आठवड्यात नीट जेवलेच न्हाईत. विचारलं तर म्हणायचे, दाढ दुखून राह्यली."

"खरंच दुखत होती का?"

"काय माहीत बाई. डॉक्टरकडं काही गेले न्हाईत."

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. एका बाजूने बघावं तर चूक यंत्र बसवतानाच ठाऊक असून महिनोन्‌महिने गप्प बसलेला माणूस. फिरवून बघावं तर ती उघडी पाडायला स्वतःच सहा माणसं घेऊन आलेला माणूस. दोन्हींच्या मधला आकडा खरा, असं त्यांनीच शिकवलं, पण तो काही मला काढता येत नाही. त्यांची फार आठवण येते, आणि रागही येतो, आणि कुठला आधी येतो तेही सांगता येत नाही.

वहीत त्या चुकीसमोर त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांचं नाव लिहिलेलं होतंच. आष्टीहून परतल्यावर मी त्याखाली माझं लिहिलं. थर त्यांनी लावले होते, पण फिरवायला वेळ नाही असं म्हणणारी मी होते.