त्या नावामागे माझा ऑब्जेक्ट होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय खरा, पण धड सांगता येईल का? माझं मलाच ते अजून नीट कळलेलं नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बीडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, त्यातल्या एकात आम्ही जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचो. सर्व्हर मशीनवर ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामचा उत्तर देणारा तुकडा, तयार करायचा, तिथल्या रजिस्ट्रीत, म्हणजे नावांच्या यादीत, त्याला नाव द्यायचं; मग दुसऱ्या मशीनवरून त्या नावानं हाक मारली की त्यानं उत्तर द्यायचं. नाव द्यायच्या आज्ञा दोन: नाव आधीच कुणी घेतलं असेल तर 'बाइंड' अडवतो. 'रीबाइंड' मात्र मुकाट्यानं जुन्याला उठवतो आणि आपल्याला बसवतो. मी रीबाइंडच वापरायचो. कटकट कुणाला हवी?

सर्व्हर एकच, म्हणून आमचा रिवाज होता – चालू करण्याआधी मोठ्यानं विचारायचं, "कुणाचं चालू हाय का?"

शिरूर कासारची सुनीता आमच्यात सगळ्यात हुशार. परीक्षेत पहिला येईल त्याला सर क्लासातच शिकवायला ठेवणार होते. ती नोकरी मिळाली असती तर सुनीताला त्या हंगामात आईबापाबरोबर ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं – चांगलंच ठाऊक होतं.

परीक्षेत सगळ्यांना एकच काम, एसटीचं वेळापत्रक, आणि नावही सरांनी ठरवलेलं एकच. सुनीता सर्व्हरवर आपलं चालू करून सरांच्या मशीनकडे गेली. पुढचा नंबर माझा. मी सर्व्हरपाशी बसलो आणि न विचारता माझं चालू केलं. घाई होती म्हणून? की – नाही, खरंच आठवत नाही.

सरांनी मांजरसुंब्याची गाडी विचारली. उत्तर आलं, 'गाडी गेली.' केजची विचारली. 'गाडी गेली.' ते वाक्य माझं होतं, चाचणीपुरतं लिहिलेलं.

"सर, मी असं लिहिलंच न्हाई," सुनीता म्हणाली.

"कुणी काही चालू केलंय का रे?" सरांनी विचारलं.

मी गुपचूप माझं बंद केलं. "न्हाई सर." आता तर काहीच उत्तर येईना, कारण तिचा ऑब्जेक्ट त्या नावावर परत आलाच नव्हता.

नोकरी मला मिळाली. भीती होती, हाव होती, की दोन्ही? कळत नाही.

ऊसतोडीला निघण्याआधी सुनीता वही घेऊन आली. सगळा कोड तिनं हातानं उतरवला होता. "यात माझं कुठं चुकलं असंल?" तिनं विचारलं. मी पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिनं मान हलवली, पेन्सिलीनं त्या ओळीखाली रेघ मारली.

ती ओळ बरोबर होती.