गाळोबाचे डोळे

"काका, हा शहर तुडवायला आलाय की आशीर्वाद द्यायला?" दिग्दर्शक मॅडमनी मॉनिटरवरच्या राक्षसावरून नजर न हलवता मला विचारलं.

सेटवर कोणी हसलं नाही. चेहरा जमला नाही तर अख्खा प्राणी मुंबईला नेऊन कॉम्प्युटरवर करायचा, असं प्रॉडक्शनने आधीच बजावलं होतं. तसं झालं तर माझं काम जाणार होतं. पण माझ्यापेक्षा मोठं नुकसान सूटच्या आतल्या माणसाचं होतं.

खालापूरच्या पुढे एका शेडमध्ये वेब सिरीजचं शूटिंग चालू होतं. गोष्ट साधी होती. कारखाने खाडीत विष सोडतात, तळाशी गाळ साचतो, त्या गाळातून एक प्रचंड प्राणी जन्मतो आणि समुद्रातून शहरावर चालून येतो. स्क्रिप्टमध्ये त्याला वजनदार इंग्रजी नाव होतं. युनिटच्या पोरांनी त्याचा गाळोबा करून टाकला.

त्याचा सूट मी बनवला. सूट म्हणजे फोम आणि रबराचा अंगभर पोशाख. आत माणूस उभा राहतो, भोवती गुडघ्याएवढ्या इमारती मांडतात, कॅमेरा जमिनीलगत ठेवतात, आणि तो माणूस डोंगराएवढा दिसतो. आतल्याला प्राण्याच्या डोळ्यांतून काही दिसत नाही. गळ्यापाशी जाळी असते, तिच्यातून तो बघतो.

आत होता सुमेध, मोहोपाड्याचा. त्याचे वडील तिथल्याच एका केमिकल कारखान्यात होते. सुमेध बरीच वर्षं सिरियलमध्ये गर्दीत उभा राहिला. या कामात पहिल्यांदाच पडद्यावर त्याचं नाव येणार होतं, आणि ते त्याने घरी आईला सांगूनही टाकलं होतं.

पहिल्या फिटिंगला मी त्याच्या पाठीची चेन लावत होतो, तर म्हणाला, "काका, आमी बौद्ध. आमी देव मानत नाय. आणि तुमी मला थेट देवाच्या पोटात घातलात."

"राक्षस आहे रे तो."

"मग नावापुढं 'बा' कशाला लावलात?"

अडचण नेमकी तीच होती. मी मूळचा गणपती करणारा. भिसेगावात माझा कारखाना होता. आमच्या धंद्यात मूर्तीच्या शेडला कारखानाच म्हणतात. मूर्तीचं सगळं झालं की शेवटी डोळ्यांची आखणी करतात. मूर्ती उंचावर बसते, माणूस खाली बसतो, म्हणून नजर जराशी खाली उतरवायची. समोरच्याला वाटलं पाहिजे, हा माझ्याकडेच बघतोय. वर्षानुवर्षं हाताला तेच वळण. गाळोबाचे डोळे मी शेवटीच काढले, आणि हाताने जे यायचं तेच काढलं. त्यात कॅमेरा जमिनीलगत, म्हणजे भक्ताच्याच जागी.

मी दुरुस्ती सुरू केली. बुबुळांभोवती लाल शिरा काढल्या. मेकअपवाला म्हणाला, डोळे आलेत याचे, लांबून बोला. मग शिळफाट्यावरून फोम आणून जाड भुवया चिकटवल्या. तर मॅडम म्हणाल्या की हा आता गणिताचा मास्तर वाटतो. डोळे पुसून नव्याने काढले, तरी ब्रश फिरला की नजर खाली यायची ती यायचीच.

तिसऱ्या खेपेनंतर मॅडम फोनवर बोलायला बाहेर गेल्या. मुंबईचाच फोन असणार. मी स्ट्रॉ घालून पाण्याची बाटली जाळीपाशी धरली. सूट सारखा काढता येत नाही, म्हणून पाणी असंच पाजायचं.

"हात बिघडला का काका?" गळ्यातून आवाज आला.

समोर त्याचा चेहरा असता तर मी बोललो नसतो. पण समोर नुसती जाळी होती. मी सांगून टाकलं. माझ्या मूर्ती प्लास्टरच्या असायच्या, वर ऑइल पेंट. एकदा विसर्जनानंतर काही दिवसांनी मी नदीकाठी गेलो होतो. सोंडा तुटलेल्या, हात तुटलेले, पण चेहरे जसेच्या तसे. डोळे तर कालच काढल्यासारखे. चिखलात पडून सगळे माझ्याकडे बघत होते. मीच तसे काढले होते ना, समोरच्याकडे बघणारे. पुढच्या वर्षी कारखाना बंद केला. पण पाण्यातून वर येणाऱ्याचे डोळे काढ म्हटलं की मला तेच दिसतात.

त्याने स्ट्रॉमधून एक घोट घेतला.

"म्हणजे तुमचापण कारखाना, माझ्या बापाचापण," सुमेध म्हणाला. "मग हा आपल्या घरचाच झाला की. घरच्यावर कसा रागवंल तो?"

मग हळूच म्हणाला, "आईला काय सांगू तेवढं सांगा."

मी बाटली खाली ठेवली. मॅडम आत आल्या. म्हणाल्या, शेवटचा एक टेक घेऊ, मग बघू. सुमेध उभा राहिला, पण त्याच्यातला जोर गेला होता. ॲक्शन म्हटल्यावरही त्याची मान खालीच. प्राण्याचं ते जड डोकं छातीवर झुकलं, माझ्या मास्तरी भुवयांची सावली डोळ्यांवर आली आणि डोळे दिसेनासे झाले. नुसतं काळं कपाळ पुढे सरकायला लागलं. मी मॉनिटरवर पाहिलं आणि माझ्याच मालाची मला भीती वाटली.

"मान वर करू नकोस. असाच चाल," मॅडम म्हणाल्या.

तो चालला. इमारती पडल्या.

मॅडमनी जागच्या जागी ठरवलं की डोळे शेवटपर्यंत दाखवायचेच नाहीत. शेवटच्या सीनमध्ये गाळोबा घायाळ होऊन पाण्यात परततो. तिथे सुमेधने एकदाच, अगदी सावकाश मान उचलली. पाण्याच्या टाकीपलीकडून त्याने सगळ्यांकडे पाहिलं. आत माणूस आहे हे माहीत असूनही मी हातातला ब्रश मूर्तीपुढे ठेवावा तसा खाली ठेवला. मॅडमना कट म्हणायला उशीर झाला.

सूट राहिला. लांबून दिसणारे सीन मुंबईत कॉम्प्युटरवर झाले, जवळचे सगळे सुमेधचे. नाव आलं, थोडं बारीक आलं. त्याच्या आईने टीव्हीजवळ जाऊन वाचलं.

शूटिंग संपल्यावर प्रॉडक्शनने निरोप दिला, सूट कुठेतरी टाकून द्या. फोम, रबर, पेंट. कुठे टाकणार? जाळला तर धूर, पुरला तर तसाच राहणार, आणि पाण्याचं तर नावच नको. मी डोकं घरी आणलं. धड पत्र्याच्या शेडमध्ये आहे, डोकं बाहेरच्या खोलीत फळीवर. नजर खाली असल्याने कुठेही बसलं तरी तो आपल्याकडेच बघतो. सुमेध आला की आधी त्यालाच विचारतो, "काय देवा, बरं हाय ना?"

धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. डोळे काढण्याआधी वस्तू कशाची आहे ते बघा. विरघळणारी नसेल तर ती तुमच्याकडे बघत राहणार आहे.