संदलाखालचं साल

सत्तारभाई शहांचं सगळं आयुष्य पेठ रोडच्या कडेच्या एका तकियात गेलं. तकिया म्हणजे एका पिराची कबर, वर पत्रा, पुढे ओटा आणि एक कडुलिंब. आजा इथंच खादिम होता, बापही. सकाळी झाडायचं, गुरुवारी ऊद जाळायचा, आलेल्याला जेवू घालायचं, एवढंच काम. पण वस्तीचं बरंच काही त्या ओट्यावर चाले. नवराबायकोची भांडणं तिथं मिटत. ज्यांच्या खोलीत मयत निजवायला जागा नसे, त्यांची मयत लिंबाखाली न्हाऊ घातली जाई. गुरुवारी चार म्हातारे अल्लाचं नाव घेत डोलत. बाकीचे भिंतीला टेकून नुसते बसत, कारण दुसरीकडे कुठं त्यांना कोणी नुसतं बसू देत नसे.

मग रस्तारुंदीची नोटीस लागली. रस्ता झाला त्याआधीचं बांधकाम असल्याचा पुरावा आणा, मुदत सोमवार. कागद नव्हताच. पण आजा सांगायचा, कबरीच्या उशाच्या पाटीवर साल कोरलेलं आहे. सत्तारभाईंनी ते कधी पाहिलं नव्हतं. दर उरुसाला पाटीवर संदल चढे, चंदनाचा ओला लेप, आणि त्यावर खादिमाचा पंजा उमटे. आणि आधीचा लेप कधीच काढायचा नाही, अशी रीत. पन्नास वर्षं ते स्वतः लेपत आले होते. पाटी उशीसारखी फुगली होती.

रविवारी, उरुसाच्याच दिवशी, दुपारी ते खुरपं घेऊन बसले. तेवढ्यात मखमलाबादहून भागुबाई आली. उरुसात कबरीवर चढणारी पहिली चादर तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून तिच्याच मळ्यातल्या गुलाबांची.

"भाई, खुरपं कशाला? पिरावर गवत उगवलं काय?"

"चेष्टा नको, भागू. साल शोधतोय. बापानं मना केलं होतं, तेच करतोय."

"मंग मी करते. मला कुठं तुमचा बाप रागावणार हाय?"

"तुझ्या हाताला तंबाखूचा वास येतो."

"आन् तुमच्या तोंडाला वो?"

ते हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

वरचे थर सहज सुटले. खाली लेप दगडासारखा झाला होता. एका खपलीत पंजा उमटलेला दिसला, करंगळी नसलेला. बापाची करंगळी लाकडं फोडताना गेली होती. सत्तारभाईंचा हात थांबला.

"उद्या सोमवार हाय," भागुबाई हळूच म्हणाली.

त्यांनी बापाचा पंजा फोडला.

शेवटच्या थराखाली दोन आकडे दिसले. तिसऱ्यासाठी त्यांनी खुरप्याचं टोक आत सारलं आणि सगळा पापुद्रा आकड्यांसकट गळून पडला. खाली दगड कोरा होता. साल दगडात नव्हतं, वरच्या चुन्यात कोरलं होतं. इतकी वर्षं चुना आणि चंदन एकमेकांना धरून होते.

तळहातावर पीठ उरलं.

"मी पाह्यलं की," भागुबाई म्हणाली. "मी सांगीन सायबाला. दोन आकडे व्हते."

"आणि पुढचे?"

ती फुलांची टोपली उचलून ओट्याच्या टोकाला गेली आणि चादर गुंफू लागली.

संध्याकाळी माणसं जमली. सहाणेवर चंदन उगाळलं गेलं. सत्तारभाईंनी वाटीत ते पीठ मिसळलं आणि कोऱ्या दगडावर लेप दिला. मग पंजा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

ओला संदल वाळायला दोन दिवस लागतात.