जिन्यातली गुणगुण

त्या इमारतीत दारागणिक भाषा बदलायची. तिसऱ्या मजल्यावरच्या टेलरची आई जी भाषा बोलायची, ती तर टेलर सोडून कुणालाच कळत नव्हती. म्हातारी दिवसभर जिन्यात बसून गुणगुणायची. त्यात वाईट काही नव्हतं. पण ती सुरू झाली की घरोघरची रडणारी पोरं एकदम गप्प व्हायची आणि आयांच्या अंगावर काटा यायचा. तक्रारी गेल्या. म्हातारीचं डोकं फिरलंय, तिला कुठेतरी ठेवा, असं लोक म्हणू लागले.

वस्तीतल्या मदत केंद्राची ताई चौकशीला आली. माणसाचं काय बिघडलंय हे ती मागाहून विचारायची. त्याला काय येतं, हे आधी. टेलरने मशीन थांबवलं. बॉबिनशी चाळा करत तो म्हणाला, "गावाकडे कुणाचा जीव अडकला की आईला बोलावणं यायचं. ती शेजारी नुसती बसायची. मग सुटायचा."

ताईने तिला शुश्रूषागृहात नेलं. तिथे नाना मुलखांतली माणसं शेवटच्या आजारात पडून होती. एक म्हातारा खलाशी भिंतीकडे तोंड करून असायचा, कुणाला ओ देत नसे. आजी गुणगुणली. त्याने कूस बदलली आणि आपल्या भाषेत बोलत सुटला. आजी मान डोलवत होती, जणू शब्दन् शब्द कळतोय. संध्याकाळी तो गेला, झोप लागावी तसा.

मग नर्सच तिला बोलावू लागल्या. इमारतीतल्या बायकांनी जिन्यात तिच्यासाठी उशी आणून ठेवली. टेलरने मात्र ताईला हळूच सांगितलं, की हल्ली फोन यायच्या आधीच आई तयार होऊन बसते.

एका रविवारी दुपारी आजी ताईच्या दारात उभी. एकटीच. तिला हे घर कुणी दाखवलं नव्हतं. घरात आजारीही कुणी नव्हतं; वडील जेवून पेपर वाचत होते. ताई दार अडवून उभी राहिली.

"आजी, इथे नाही."

आतून वडील म्हणाले, "येऊ दे गं त्यांना. मी वाटच बघत होतो."

ते कोचावर जरा सरकले. गुणगुण सुरू झाली. ताई पाणी आणायला वळली, तेवढ्यात पेपर जमिनीवर घसरल्याचा आवाज आला.

ताई अजूनही आजीला कामावर नेते. तिच्याइतकं हे कुणाला जमत नाही, असं सगळ्यांना सांगते. वडिलांचा चेहरा किती शांत होता, हेही. पण घरी चहाला या, असं तिने आजीला कधी म्हटलेलं नाही.