मोठेबाबांनी माझी बाजू मांडली

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, कोणाच्या दारी कधी रिकाम्या हातानं गेले नाहीत. डॉक्टरला ताप दाखवायला जातानाही पिशवीत वांगी असायची. घरात काहीच नसलं तर अंगणातला कढीपत्ता तोडून न्यायचे.

माणसासमोर माणूस बसला की कोणताही गुंता सुटतो, ही त्यांची ठाम समजूत. गावातली बांधाची भांडणं त्यांनी अशीच मिटवली होती. "बोलून पाहू नं माय, तो सर का वाघ हाये?" कॉलेजात सरांमुळे माझं अडलं तेव्हा असं ते मलाही म्हणाले. मी मानेनंच नको म्हटलं. जास्त बोलायचं त्राण नव्हतं.

बी.एस्सी.च्या पाचव्या सत्रात वनस्पतिशास्त्राच्या अंतर्गत गुणांत मी नापास झाले होते. सेमिनारला गैरहजर, असा शेरा. मी तर फळ्यापुढे उभी राहून कपाशीच्या रोगांवर बोलले होते, पुढच्या बाकावर बसून सरांनी मला प्रश्नही विचारला होता. विभागप्रमुख म्हणाले प्राचार्यांना भेटा, प्राचार्य म्हणाले परीक्षा विभागात जा, तिथले म्हणाले सरांनाच विचारा. घाटंजी-यवतमाळ एसटीच्या खेपा घालून जीव मेटाकुटीला आला. शेवटी एकदाची तक्रार समितीनं सुनावणी लावली. मैत्रिणी साक्ष द्यायला तयार होत्या. निकाल फिरला नाही तर हा विषय पुढच्या हिवाळ्यातच पुन्हा देता येणार होता, म्हणजे एम.एस्सी.चं वर्ष गेलंच.

आदल्या संध्याकाळी मोठेबाबा कोणाला न सांगता सरांच्या घरी गेले. सोबत तुरीच्या हिरव्या शेंगांची थैली. "घरच्या हायेत सर, लेकरायले उकडून द्या. आन आमच्या पोरीचं जरा पाहून घ्या." सर भडकले. मोठेबाबा थैली ओट्यावर ठेवून परत आले आणि मला म्हणाले, "सरले शेंगा आवडत नसन वाटते."

दुसऱ्या दिवशी ती थैली समितीच्या टेबलावर होती. सेमिनारचं कोणी काही विचारलंच नाही. मैत्रिणींना आत बोलावलं नाही. लाच द्यायला माणूस पाठवला, एवढ्यावर तक्रार निकालात निघाली. बाहेर मोठेबाबा कडुनिंबाखाली बसले होते. त्यांना लाच म्हणजे काय ते ठाऊक होतं, पण आपण ती दिली हे काही केल्या पटत नव्हतं. मला त्यांचा रागही आला नाही. नुसतं घरी जाऊन पडावंसं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात माझा तो विषय सुटला. एम.एस्सी. मात्र राहिलीच. आता वणीकडे एका शाळेत शिकवते. मोठेबाबा गेल्या उन्हाळ्यात गेले. शेवटी भेटले तेव्हा त्यांना बोलायलाही धाप लागत होती. तरी मला जवळ बसवून त्यांनी विचारलं, "त्या सरनं तुयं बोलनं आयकलं होतं नं?"

"हो, मोठेबाबा."

"तुले सवालही पुसला होता?"

"हो."

"मंग गैरहजर काहून लिवलं वो त्यानं?"

इतक्या वर्षांत हे विचारणारे ते पहिलेच होते.