रुखवतातला सूर्याचा सवाल

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. त्यातली अर्धी दुसरी मराठीत आणि अर्धी उर्दूत, कारण मधेच मास्तर बदलला. तिथं माझं शिक्षण संपलं असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. माझं खरं शिक्षण सेलूला जिनिंगच्या फाटकासमोर झालं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दूर कुठंतरी लढाई चालू होती. आमचा कापूस सेलूला जायचा. गाड्यांची रांग लागली की नंबर यायला दिवस कलायचा. बैलं सोडून आम्ही गाडीच्या सावलीला बसायचो, आणि अडतीवरचा मुनीम मुंबईचा पेपर मोठ्यानं वाचायचा. जर्मनी कुठवर आला, भाव का बसला, विलायतेत दिवस किती मोठा असतो. बाकीचे गाडीवान घोरायचे. मी ऐकायचो, आणि वर विचारायचो.

"तुला काय करायचंय रे विलायतेचं?" मुनीम वैतागायचा. "बैलाला पाणी दाव जा."

मी बैलाला पाणी दावून परत येऊन बसायचो. एकदा ऐकलेलं मी विसरत नसे. आमच्या पेडगावच्या पारावर माझ्याइतकी माहिती कुणाला नव्हती, आणि हे मी सगळ्यांना सांगत असे.

माझं लग्न ताडकळसला ठरलं. आमच्या भागात तेव्हा रुखवत अडवायची रीत होती. लग्नाआधी नवरीकडचे लोक लाडू, करंज्या, शेवया टोपल्यांत भरून, वर कापड बांधून जानवशावर, म्हणजे वऱ्हाड उतरलेल्या जागी, घेऊन यायचे. मग सवाल घालायचे. नवरदेवाच्या बाजूनं जबाब दिला की एक गाठ सुटायची. सगळ्या गाठी सुटल्याशिवाय जेवण नाही.

आमचं वऱ्हाड रातभर बैलगाड्यांत हेलकावे खात आलेलं. वैशाखाचं ऊन. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. बरोबर एक पांढरी घोडी होती. माझ्या वडलांचा एक मेंढरंवाला दोस्त ती पायी चालवत घेऊन आला होता. वडलांच्या स्वतःच्या लग्नाला घोडी मिळाली नव्हती, बैलाच्या पाठीवर बसून ते मांडवात गेले होते आणि सोयरे हसले होते. पोरगं तरी घोडीवर मिरवायचं, एवढी एकच हौस त्यांनी जन्मभर धरली होती.

सवाल घालायला नवरीचा मामा पुढं झाला. परभणीच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, मास्तर. शेरवानी, टोपी, डोळ्यांत मिश्कीलपणा.

"नवरदेव किती शिकलेत?"

"दुसरी," वडील म्हणाले.

"मग सोपे सवाल घालावे लागतील."

मंडळी हसली. माझं डोकं तापलं. मी उठून उभा राहिलो. "मामा, अवघड घाला. एक जरी चुकला तर घोडीवर बसणार न्हाई. मांडवापतूर पायी चालत येतो."

वडलांनी धोतर धरून मला खाली बसवायला ओढलं, पण बोल तोंडातून गेला होता.

"आगगाडीच्या रुळाला मधी फट का ठिवतेत?"

"उन्हानं लोखंड वाढतंय. चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवतो कशाला? तेच हाय." एक गाठ सुटली.

"गाव परभणी, खिशात खणखणीत रुपया, मनमाडला उतरला तर चहा मिळेना. का?"

"निजामाचा हाली रुपया इंग्रजाच्या मुलखात कोण घेतंय?" दुसरी सुटली.

"चावी, पगार, बटाटा. हे शब्द आणले कुणी?"

"गोव्याच्या फिरंग्यानं. पण आमी आलू म्हणतो, ते आमाला लागू न्हाई." आमच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. तिसरी गाठही सुटली.

एकच गाठ राहिली.

"सूर्य आपल्याला जवळ कधी असतो? उन्हाळ्यात का थंडीत?"

मी हसलोच. "हे काय इचारणं झालं? उन्हाळ्यात!"

"न्हाई," मामा शांतपणे म्हणाला. "थंडीत."

जानवशावर एकदम गलका झाला. आमच्याकडचा एक म्हातारा ओरडला, "मास्तर, ऊन लागलंय का तुमाला?" पण मामा डगमगला नाही. त्यानं मला अंगणात नेलं.

"तळहात सूर्याच्या समोर धरा. आता तिरपा करा. कवा जास्त पोळतंय? उन्हाळ्यात किरणं सरळ पडतेत आन् दिवस मोठा. थंडीत तिरपी पडतेत. जवळ-लांबचा संबंध न्हाई."

मी हात धरला, तिरपा केला. "माझ्या हाताला घट्टे हायेत मामा. काई फरक कळंना."

"जावईबापू, हसण्यावारी नेऊ. सोडा गाठ."

"हसण्यावारी का? मी चुकलो असंन तर पायी येतो. न्हाई चुकलो तर तुमी तसं म्हणा."

मामा खोटं बोलणारा माणूस नव्हता. मी माघार घेणारा नव्हतो. करंज्या कापडाखाली, वऱ्हाड उपाशी. वडील उठले. घोडीजवळ जाऊन तिच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले. ते मी बघत होतो, पण "चुकलो" म्हटलं तरी घोडी रिकामीच जाणार होती.

तेवढ्यात नवरीची धाकटी बहीण पळत आली. "आक्कानं सांगिटलंय, जेवून घ्या म्हणावं. सूर्याचं आत्ता वैशाखात कसं ठरंल? थंडी आल्यावर बघू. तवर सवाल राखून ठिवा."

मामा खो खो हसला. "माझीच शिष्या हाय!" म्हणाला, आणि शेवटची गाठ स्वतःच्या हातानं सोडली. सवाल हरलो नव्हतो, म्हणून मी घोडीवर बसलो. लगाम वडलांनी धरला. दोस्ताला धरू दिला नाही. मांडव येईपर्यंत ते मागं वळून वळून माझ्याकडं बघत होते.

पहिल्या थंडीत सकाळी बायकोनं मला ओट्यावर उन्हात बसवलं. "सूर्य जवळ आलाय. आता म्हणा."

"आज ढग हायेत," मी म्हणालो.

पुढं राज्य बदललं, हाली रुपया गेला, पोरं शिकली. नातवानं शाळेचं पुस्तक आणून वाचून दाखवलं, मामा म्हणाला होता तेच त्यात छापलेलं. मी म्हणालो, पुस्तकात काय, कुणीही छापतंय. खरी अडचण निराळी होती आणि ती फक्त बायकोला ठाऊक होती. कबूल केलं की बोललेलं पाळावं लागणार होतं. दर थंडीला ती घोंगडी माझ्या अंगावर टाकून विचारायची, "यंदा तरी?" मी म्हणायचो, "यंदा न्हाई." आणि दोघंही उन्हात सरकून बसायचो. मला त्याच्यात सुखच होतं.

गेल्या थंडीत लेकीकडं ताडकळसला गेलो होतो. सकाळचं ऊन पडलं होतं. जानवशाची जागा अजून आहे, मांडव पडला होता ते अंगणही आहे. मी काठी घेतली आणि बायकोला म्हणालो, "चल, जरा पाय मोकळे करून येऊ."

"कुठपतूर?"

"मांडवापतूर."

ती उठली. मग चपला घातल्या, पदर डोक्यावर घेतला. वाटेत एकानं हटकलं, "म्हातारा-म्हातारी कुठं निघालात?"

"वरातीला," ती म्हणाली.

मी कबूल काही केलेलं नाही. नुसता चालत गेलो.