बाबांचं मत करोल बागेत होतं

करोल बाग नावाचा लोकसभा मतदारसंघ सरकारने मोडला. बाबांपुरता तो मी त्याच्या चार वर्षं आधीच मोडला होता.

आता करोल बाग म्हटलं की लोकांना लग्नाची खरेदी आठवते. तिथून एक खासदार दिल्लीच्या दिल्लीतच संसदेत जायचा आणि ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती, हे माझ्या मुलीला सांगितलं तर ती "अच्छा?" म्हणते आणि फोनमध्ये डोकं घालते. बाबांना मात्र त्या जागेचा सगळा इतिहास तोंडपाठ. बासष्टपासून कोण कितीने आपटला, कुणाचं डिपॉझिट गेलं, हद्द कुठल्या रस्त्याने वळायची, सगळं. अकोल्याकडच्या खेड्यातून ते दिल्लीला केंद्राच्या मंत्रालयात कारकून म्हणून आले, पहिलं मत त्यांनी करोल बागेत दिलं आणि पुढचं प्रत्येक मत तिथेच. त्या जागेला ते 'आपली जागा' म्हणायचे. गावात पाणवठ्यावर आपली जागा कुठली हे ज्याला लहानपणी रोज सांगितलं गेलं, त्याने हा शब्द वापरला की मी गप्प बसायचे. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

आमची खोली चाचाजींच्या घरात, वरच्या मजल्यावर. खाली त्यांचं बटणं आणि लेसचं दुकान. चाचाजी पंजाबी, फाळणीत आईचा हात धरून आलेले. बाबा खोली शोधत फिरत होते तेव्हा आडनाव ऐकलं की लोकांची खोली लगेच आधीच दिलेली निघायची. चाचाजींनी फक्त विचारलं, सरकारी नोकरी पक्की आहे ना, आणि किल्ली हातात दिली. पुढे पस्तीस-चाळीस वर्षं आम्ही तिथेच राहिलो. आईचं पिठलं खाली जायचं, चाचीजींची कढी वर यायची.

दोघांचं राजकारण मात्र उभं-आडवं. चाचाजी एका पक्षाचे कट्टर, बाबा बरोबर दुसऱ्या. तरी मतदानाला जायचे जोडीनेच, सकाळी सातच्या ठोक्याला, इस्त्रीचे कपडे घालून. जाताना चाचाजींचं ठरलेलं रडगाणं असायचं की माझ्याच गल्लीत मी निवडणुकीला उभा राहू शकत नाही, हा कुठला न्याय. बाबा म्हणायचे, लालाजी, तुम्हाला चार बटणं नीट मोजता येत नाहीत, संसद कसली चालवताय. मग दोघं एकमेकांच्या विरुद्ध मतं टाकायचे आणि कोपऱ्यावर छोले-भटुरे खाऊन शाईची बोटं मिरवत परत यायचे. आई म्हणायची, दोघंही घरी बसलात तरी हिशेब तोच राहील की. त्यावर दोघंही हसायचे, पण घरी कुणी बसलं नाही.

आई गेली आणि मी बाबांना दिल्लीतल्याच द्वारका भागात माझ्याकडे आणलं. सामान आणलं, पण मत आणायला ते तयार नव्हते. "माझं मत तिथेच राहू दे," असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. स्पष्ट म्हणजे अगदी डोळ्यांत बघून. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका रविवारी आमच्या सोसायटीत मतदार कार्डांसाठी टेबल मांडलं होतं. नवऱ्याचा आणि माझा फॉर्म भरता भरता मी बाबांचाही भरला. जुन्या पत्त्यावरून नाव काढावं, अशी त्यात एक ओळ होती, तिथे करोल बागेचा पत्ता लिहिला. सही मीच केली. बाबांची सही मला शाळेपासून हुबेहूब येते, नापास पेपरांवर सराव केलेला. आणि हे सगळं कशासाठी, तर मला कंटाळा आला होता. मागच्या निवडणुकीला सुट्टीचा अख्खा दिवस त्यांना उन्हात तिकडे नेण्या-आणण्यात गेला होता आणि मी घरी येऊन भांडी आपटली होती. त्यापेक्षा मोठं कारण शोधून सापडत नाही, आणि मी पुष्कळ शोधलंय.

कार्ड आलं ते मी कपाटात साड्यांखाली ठेवलं. निवडणूक जवळ आली की सांगू म्हटलं. मग उद्या सांगू म्हटलं. मतदानाच्या दिवशी मी उठले तेव्हा बाबा निघून गेले होते, एकटेच, पहाटेची बस पकडून. ते दोन हजार चार साल होतं. त्या मतदारसंघाची ती शेवटची निवडणूक ठरणार आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी ते परत आले. बोट कोरं. पाणी दिलं तर घेतलं नाही. चपला न काढता सोफ्यावर बसले आणि म्हणाले, नाव कापलंय. यादीत त्यांच्या नावावर शिक्का होता. मतदान केंद्रावरच्या बाईंनी सांगितलं की तुम्ही राहायला दुसरीकडे गेलात अशी नोंद आहे, कुणीतरी सांगितलं असणार. तेव्हा शेजारी उभे असलेले चाचाजी भाबडेपणाने बोलून गेले, हो, मतदारयादी तपासायला शाळेतली मास्तरीण घरी आली होती, तिला मीच म्हणालो की बाबूजी आता लेकीकडे द्वारकेला असतात. झालं. बाबांना दुसरा पुरावा नको होता. "चाळीस वर्षं आपल्या राखीव जागेवरून हसत हसत बोलायचा," ते मला म्हणाले. "मनातलंच बोलत होता."

सांगायची वेळ होती ती हीच. कपाट दहा पावलांवर होतं. जीभ झडली होती का माझी? मी म्हणाले, याद्यांमध्ये असे घोळ होतातच, बाबा, जाऊ द्या. आणि जेवायला वाढलं.

त्यानंतर बाबा करोल बागेत गेले नाहीत. चाचाजींचा फोन आला की मला मानेने नाही म्हणून खुणावायचे, आणि मी निमूट सांगायचे की बाबा झोपलेत. मग मतदारसंघांची नवी आखणी झाली. आमचा जुना भाग नवी दिल्लीत गेला, राखीव जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि करोल बाग हे नाव लोकसभेतून पुसलं गेलं. बाबांनी पेपरातला नकाशा चष्मा लावून बराच वेळ बघितला. पुढच्या निवडणुकीला मी त्यांच्या हातात द्वारकेचं कार्ड ठेवलं आणि म्हणाले, पोस्टाने आलंय, आपोआपच झालं असेल. त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवयच आहे.

काही वर्षांनी चाचाजी गेले. बाबा म्हणाले, मला बरं नाही, तू जाऊन ये. मी गेले. दुकान अर्धं बंद होतं. चाचीजींनी मला जवळ बसवलं, आईची आठवण काढली आणि माझा हात धरून म्हणाल्या, "बेटा, उन्हें आखिर तक यही लगता रहा कि बाबूजी का वोट उनकी जुबान से गया."

म्हणजे तो माणूस माझा अपराध स्वतःच्या माथी घेऊन गेला. तिथे, त्या क्षणी, एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा प्यायले. काळजी घ्या म्हणाले. मेट्रोत बसून घरी आले आणि रात्रीच्या पोळ्यांना कणीक मळली. आपण वाईट माणूस आहोत हे कळायला फार मोठं काही घडावं लागत नाही, हे मला तेव्हा समजलं.

आणि आता इतक्या वर्षांनी त्या जुन्या याद्या पुन्हा बाहेर आल्या आहेत. मतदारयाद्यांची फेरतपासणी निघालीय, दोन हजार दोनच्या यादीत तुमचं नाव कुठे होतं ते शोधून ठेवा म्हणतात. परवा मी बाबांना शेजारी बसवून फोनवर ती यादी उघडली. करोल बाग, गल्ली, घर नंबर. त्या पानावर बाबा होते, त्यांच्या खाली आई, आणि वर चाचाजी, चाचीजी. बाबा आता सत्त्याऐंशीचे आहेत. त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवलं, तर पान सरकून गेलं, ते मी परत आणून दिलं. मग ते म्हणाले, इथे तर आहे सगळं व्यवस्थित, मग दोनच वर्षांत कापलं कसं गेलं असेल?

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसता प्रश्न होता. मी सांगून टाकलं. टेबल, फॉर्म, सही, साड्यांखालचं कार्ड, चाचीजी काय म्हणाल्या तेसुद्धा. मी रडत होते आणि रडतेय याचीही मला चीड येत होती.

बाबांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग त्यांनी मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. त्या उन्हाळ्यात चाचाजी आमच्या घरी आले होते, दोन बस बदलून, मी ऑफिसात असताना. हात जोडून म्हणाले की मी फक्त कुठे राहता ते सांगितलं, नाव काढायला नाही सांगितलं, आईची शपथ. बाबांनी त्यांना आत घेतलं नाही. दारातच म्हणाले, आमची जात तुम्हाला खोलीत चालली, संसदेत चालली नाही.

"ज्याने मला घर दिलं, त्याला मी हे बोललो," बाबा म्हणाले. "आणि तो खरं सांगत होता."

मला वाटलं आता ते मला बोलतील. नाही बोलले. एवढंच म्हणाले की चाचीजी आहेत अजून, त्यांच्याकडे जा आणि समोर बसून सांग, तू काय केलंस ते, आणि मी दारात काय बोललो तेही. मी यायच्या लायकीचा नाही. काल त्यांनी विचारलं, जाऊन आलीस का? आज पुन्हा विचारलं.

मी अजून गेलेले नाही. त्याऐवजी हे लिहायला बसले आहे, मराठीत. चाचीजींना मराठी वाचता येत नाही, आणि लिहायला घेताना ते माझ्या पक्कं लक्षात होतं.